‘पाय कापावा लागणार नाही’

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री आणि मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस


‘गँगरीनवर हमखास इलाज, पाय कापावा लागणार नाही.’ अशा पाट्या आपणही वाचल्या असतील. गँगरीन आणि मधुमेह हे दोन्ही १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यातल्या यादीत आहेत. ते बरे करण्याची जाहिरात हा गुन्हा आहे. तरी पाट्या झळकतात, आणि वर प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताचं चित्रही असतं!

सुश्रुताने व्रणाचे, म्हणजे जखमेवरच्या उपचारांचे, साठ उपक्रम सांगितले. त्यांत छेदन, भेदन, लेखन आहे. कुजलेलं मांस काढा, पू वाहू द्या, तळ खरवडा. मग धुणं, मग जखम भरून आणणं. सडका भाग तसाच ठेवून वरून जात्यादि तेल चोपडणाऱ्याने निदान सुश्रुताचं नाव तरी घेऊ नये.

मधुमेह्याच्या पायाला अनेकदा संवेदना राहत नाही. टाचेत काटा मोडला तरी कळत नाही; चपलेवरचा ओला डाग घरच्यांना दिसतो तेव्हा शोध लागतो. ‘मोठ्या दवाखान्यात गेलं की पाय कापतात’ या धास्तीने माणूस आधी पाटीवाल्याकडे जातो, आणि तिथे जाणारे दिवसच पाय घालवतात.

आयुर्वेद निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. भगंदरावरच्या क्षारसूत्राची (औषधी दोऱ्याची) भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने शस्त्रक्रियेशी रीतसर तुलना केली. निष्कर्ष १९९१ मध्ये छापून आले. जखम भरायला वेळ जास्त लागला, पण भगंदर उलटण्याचं प्रमाण कमी निघालं. दोन्ही गोष्टी छापल्या, म्हणूनच तो अभ्यास वजनदार ठरला. चिघळलेल्या जखमांसाठी अशीच परीक्षा घ्या.

नागपूर, नांदेडला सरकारी आयुर्वेद महाविद्यालयही आहे आणि वैद्यकीय महाविद्यालयही. दोघांची मिळून जखमांची ओपीडी चालवा. पहिल्याच दिवशी पायाची नाडी, डॉप्लर, शुगर. रक्तपुरवठाच बंद असेल तर काढा काय करणार? ताप, ओलं गँगरीन दिसलं तर रुग्ण त्याच दिवशी सर्जनच्या हाती. बाकीच्यांत पंचवल्कल क्वाथ (पाच सालींचा काढा), जात्यादि तेल यांची नेहमीच्या ड्रेसिंगशी तुलना करा, दर आठवड्याला जखम मोजा. किती पाय वाचले याबरोबर किती कापावे लागले, तेही छापा.

आणि अन्न व औषध प्रशासनाला सांगून त्या पाट्या आधी उतरवा. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

आपला,
एक मधुमेही नागरिक