हिशेबाच्या वहीला नवं वळण

भिशीचा नाहीतर शिकवणीच्या फीचा हिशेब हल्ली आपल्यापैकी कितीतरी जणी संगणकावर, एक्सेलमध्ये ठेवतात. नाव, रक्कम, तारीख असं आडवं लिहायचं असतं, आणि एंटर दाबावं तर स्वारी खालच्या चौकटीत! उपाय सोपा आहे. चौकट भरली की टॅब दाबा, आणि ओळ संपली की मगच एंटर. पुढच्या ओळीच्या आरंभी आपोआप याल.

रक्कम लिहिताच शेजारी तारीख आपसूक पडायला हवी असेल, तर मात्र मॅक्रो कामी येतो. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदाच देऊन ठेवलेली सूचना. घरातल्या कॉलेजकन्येकडून ती लिहून घ्यावी आणि फाइल ‘मॅक्रो-एनेबल्ड’ प्रकारात साठवावी. मोबाइलवर मात्र मॅक्रो चालत नाही, बरं का!

आणखी एक. मॅक्रोनं तारीख टाकली, की कंट्रोल-झेड दाबून मागं जाता येत नाही. एखादीचे पाचशे रुपये चुकून पुसले गेले, तर ते गेलेच! पैसा चारचौघींचा, म्हणून फाइलची एक प्रत रोज वेगळी काढून ठेवावी. अनोळखी माणसानं धाडलेल्या फाइलमधला मॅक्रो तर मुळीच सुरू करू नये.