फी आईबापांची, मुकुट लेकीच्या डोक्यावर

"अभिनंदन! आपल्या मुलीची निवड झाली आहे." हा मेसेज यायला आता पुण्या-मुंबईत राहावे लागत नाही. परांडा तालुक्यातल्या सोनारीत बसूनही चार-पाच वर्षांच्या लेकीचा फोटो बालसौंदर्य स्पर्धेला पाठवता येतो. निवडीनंतर खरा हिशेब सुरू होतो: नोंदणी फी, फोटोशूट, ड्रेस, मेकअप, अंतिम फेरीच्या गावी राहण्या-जेवणाचा खर्च. शेवटी बहुतेक मुलींना कसला ना कसला किताब मिळतोच. कुणी 'बेस्ट स्माईल', कुणी 'बेस्ट वॉक'. किताब जितके जास्त, तितके फी भरणारे पालक खूश. धंदा असा चालतो.

आईबापांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या घराला पिढ्यान् पिढ्या कुणी स्टेजवर बोलावले नाही, त्या घराला लेकीचे नाव माइकवरून ऐकायचे असेल तर ती भूक खोटी नाही. आयोजक नेमकी तीच भूक ओळखतात.

कायदा इथे तोकडा पडतो. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ चे नियम आले. त्यांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि त्याच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर ठेवावे लागतात. पण सौंदर्यस्पर्धेतल्या मुलीला मजुरी मिळतच नाही, उलट तिचेच आईबाप पैसे मोजतात. मग तिला बालकलाकार कोण म्हणणार आणि तिचे तास कोण मोजणार? २०१९ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मुलांना अश्लील हावभावांचे नाच करायला लावू नका, अशी समज दिली. तीही टीव्ही वाहिन्यांना. लग्नाच्या हॉलमधल्या रॅम्पपर्यंत ती पोहोचत नाही. फ्रान्सने २०१४ च्या कायद्याने १३ वर्षांखालील मुलांच्या सौंदर्यस्पर्धांवर बंदीच घातली.

आपल्यासाठी यात आणखी एक काटा आहे. आपल्या देशात 'सुंदर' म्हटले की आधी रंग पाहतात, आणि रंगामागे जात दडलेली असते. 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' निघायला २०२० साल उजाडले. सावळ्या पोरीला पावडर थापून स्टेजवर उभी केली, की तिला नेमके काय कळते? आपला चेहरा आहे तसा चालत नाही, एवढेच.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी कपड्यांबद्दलच बोलले होते. अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगड्याची ठेवण आणि जड दागिने टाका, असे त्यांनी सांगितले. नीटनेटके राहणे हा तिथे मानाचा प्रश्न होता. कुणा परीक्षकाने गुण देण्याचा नव्हता. १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत मुलांच्या मनातला न्यूनगंड काढा, असेही ते म्हणाले.

आता थोडे घरातले बोलू. जयंतीच्या वेशभूषा स्पर्धेत रमाई, सावित्रीमाई कोणत्या मुलीला करायचे, हे ठरवताना आपल्या मंडळांतही 'गोरीगोमटी' हा शब्द ऐकू येतो. यंदाच्या १४ एप्रिलआधी मंडळाच्या बैठकीत परीक्षकांचा गुणांचा तक्ता मागून घ्या. 'दिसणे' हा रकाना असेल तर खोडा, आणि त्या जागी मुलगी रमाईबद्दल स्वतःच्या शब्दांत दोन मिनिटे काय बोलली, त्याचे गुण धरा.