बिरुदाचा कस

जबलपूरच्या सराफा बाजारात सोन्याचा कस लावल्याशिवाय व्यवहार होत नाही. शहराच्या बिरुदाला मात्र ही कसोटी कोणी लावत नाही. ‘संस्कारधानी’ हा शब्द येथील वृत्तपत्रे शहराच्या नावाऐवजी सर्रास वापरतात.

हे बिरुद विनोबा भावे यांनी दिले, असे मानले जाते. ‘राजधानी’च्या धर्तीवर घडलेल्या या शब्दात सत्तेऐवजी संस्काराला स्थान आहे. त्याला आधारही होता. 1923 चा झेंडा सत्याग्रह येथूनच सुरू झाला. 1939 चे त्रिपुरी काँग्रेस अधिवेशन शहरालगतच भरले. सुभद्राकुमारी चौहान आणि हरिशंकर परसाई यांची ही कर्मभूमी.

1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले. भोपाळला राजधानी मिळाली, जबलपूरला उच्च न्यायालय. तेव्हापासून या बिरुदात सांत्वनाचा सूर मिसळला आहे. राजधानी नाही तर नाही, आम्ही संस्कारधानी आहोत, असे अभिमानाने सांगताना जुनी खंतही डोकावते.

त्याच पुनर्रचनेत नागपूरनेही राजधानीपद गमावले. पण ‘उपराजधानी’ या शब्दामागे 1953 चा नागपूर करार आहे, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आहे. करार किती पाळला गेला, हा विदर्भाचा प्रश्न रास्तच. निदान तो विचारण्यास लेखी आधार आहे. केवळ गौरवाच्या शब्दावर हक्क सांगता येत नाही. म्हणूनच राज्यकर्त्यांना असा गौरव स्वस्त पडतो.

परंतु या बिरुदाचा हिशेब नागरिकांनाही द्यावा लागतो. फेब्रुवारी 1961 मध्ये येथे भीषण जातीय दंगल उसळली आणि देश हादरला. राष्ट्रीय एकात्मतेसाठी त्याच वर्षी देशपातळीवर जे प्रयत्न सुरू झाले, त्यांमागे या दंगलीचाही धक्का होता. त्या दिवसांत हे शहर आपल्या नावाला जागले नाही.

माझ्या मते, संस्कारधानी ही पदवी नव्हे, जबाबदारी आहे. ग्रंथालये, रंगमंच, शाळा आणि शेजारधर्म यांवरच तिचे मोल ठरावे. शासनाने तिला निधीचा आधार द्यावा, नागरिकांनी आचरणाचा. सराफ्यात ग्राहक दागिन्यावरचा शिक्का पाहतो, तो आत सोने असल्याची खात्री म्हणून. आत सोने नसेल, तर तो शिक्काच फसवणुकीचा पुरावा ठरतो.