वाघ दिसला का?

भिलाईच्या मुलांना वाघाचे काय अप्रूप, असे मला वाटायचे. आमच्या रिसालीहून मैत्रीबाग जवळच. सुट्टीच्या दिवशी शेंगदाणे खात पांढरा वाघ पाहायचा नि घरी यायचे. पण एकदा धाकट्याने विचारले, "आई, पिंजऱ्याबाहेरचा वाघ कुठे असतो गं?" झाले! ह्यांनी नाताळच्या सुट्टीत कान्ह्याला जायचे ठरवून टाकले.

दुर्ग, बेमेतरा, कवर्धा मागे पडले आणि मैकलचे डोंगर सुरू झाले. चिल्पी घाट लागताच मुले खिडकीला चिकटली. दिसेल तो काळा दगड त्यांना अस्वल वाटे. शेवटी एका वळणावर खरोखरीचे प्राणी भेटले. कठड्यावर ओळीने वानरे बसली होती. गाडी थांबली. मुलांचा आग्रह म्हणा की माझीच हौस, मी बिस्किटांचा पुडा फोडला. पहिले बिस्कीट कठड्यापाशी पडले, दुसरे रस्त्याच्या मधोमध. पोटाशी पिल्लू असलेली एक मादी त्यावर झेपावली आणि तेवढ्यात समोरून ट्रक आला. करकचून ब्रेक लागले. मादी वीतभर अंतराने वाचली.

ट्रकवाला खाली उतरला. वाटले, आता भांडणार. पण तो शांतपणे एवढेच म्हणाला, "बहेनजी, तुम्ही एकदा खायला देऊन निघून जाता. ही मात्र रोज इथे येऊन बसतात. प्रत्येकाला ब्रेक लावायला जमेलच असे नाही." उरलेला पुडा मुक्कामाला पोहोचेपर्यंत माझ्या मांडीवर तसाच पडून होता. कुणी मागितलाही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुडकुडत, अंगावर ब्लँकेट घेऊन मुक्कीच्या फाटकातून आत शिरलो. गवताळ माळावर बारशिंगे चरत होते. एका नराच्या शिंगांत गवताचे झुपके अडकले होते. माजावर आलेले नर असे गवत शिंगांवर मिरवतात म्हणे! टणक जमिनीवर राहणाऱ्या या जातीचे 1970 साली कान्ह्यात जेमतेम 66 उरले होते. कुंपण घालून त्यांना सांभाळले, उठवलेल्या गावांच्या जागी गवताळ राने झाली, तेव्हा कुठे त्यांची संख्या पुन्हा शेकड्यांत गेली. मी हे सगळे कौतुकाने ऐकत होते. धाकट्याचे मात्र एकच पालुपद, "वाघ कुठे आहे?"

इतक्यात सालाच्या शेंड्यावरून एक वानर खाकरल्यासारखे ओरडले. खाली चितळाने साद दिली. गाईडने इंजिन बंद करायला लावले. "त्याला वरून दिसतोय," तो कुजबुजला. वानराला उंचावरून दिसते, चितळाला खालून वास येतो. या दोघांच्या हाकांवरच सारे रान सावध होते. दहा मिनिटे मुले हूं की चूं न करता बसली. आमच्या घरी एवढी शांतता परीक्षेच्या दिवसांतही नसते! एकदा गवत हलले. मग काहीच नाही.

"आई," धाकटा हळूच म्हणाला, "हेच वानर का गं कालचे?"

परतताना चिल्पी घाटात मी काचा वर करायला सांगितल्या. कठड्यावर मंडळी हजर होतीच. मुलांनी ती मोजली, सतरा भरली. पिल्लूवालीही त्यात होती, असे थोरलीचे ठाम मत.

घरी कुलूप उघडतोय तोच शेजारच्या काकूंनी विचारले, "काय रे, वाघ दिसला का?"

"नाही," धाकटा म्हणाला, "पण वाघ आला की वानर कसे ओरडते ते करून दाखवू?"

आणि उत्तराची वाट न पाहता त्याने ते दाखवले. तेव्हापासून आमच्या गल्लीत रोज वाघ येतो.