डबा उलटा करून वाचा

सकाळी फिरून आल्यावर ग्लासभर रस, तोही ‘लो कॅलरी’, म्हणजे तब्येतीची काळजी घेतली असं पुष्कळांना वाटतं. मधुमेह असलेल्या वडिलांसाठी, वजन उतरवायला निघालेल्या मुलीसाठी, दवाखान्यात पेशंटला भेटायला जाताना आपण तोच डबा उचलतो. म्हणून स्पष्टच सांगते: कमी कॅलरीचा रस साखर घातलेल्या रसापेक्षा बरा, पण तो फळाची जागा घेऊ शकत नाही.

मुळात कॅलरी कमी होते कशी? फळांच्या रसातल्या बहुतेक कॅलरी साखरेच्या असतात. १ ग्रॅम साखरेच्या ४. त्या घटवण्याचा सोपा मार्ग म्हणजे रस कमी आणि पाणी जास्त. मग गेलेली गोडी भरून काढायला सुक्रालोज किंवा स्टीव्हिया घालायचं. म्हणजे कॅलरीबरोबर बऱ्याचदा फळही कमी होतं, आणि आपण पैसे मोजतो ते फळाच्या नावाचे.

मग नुसता शुद्ध रस चांगला का? तोही बेतानंच. २०० मिलिलिटर संत्र्याच्या रसात साधारण १६ ते १८ ग्रॅम साखर असते, म्हणजे चार चमचे. ती फळाचीच असली तरी जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात धरते. रोज २००० कॅलरी खाणाऱ्यानं अशी साखर ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असं ती सांगते. ‘नो ॲडेड शुगर’ याचा अर्थ वरून साखर घातलेली नाही एवढाच. आत साखर नाही असा नव्हे. शिवाय ग्लासभर रसाला दोन-तीन संत्री लागतात. ती सोलून खायला बसलात तर पोट भरतं, आणि चोथाही पोटात जातो. रस काढताना आपण नेमका तोच फेकून देतो.

कृत्रिम गोडीबद्दलही भ्रम नको. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी तिच्यावर विसंबू नका, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये दिला. त्यात स्टीव्हियाही येतो. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. मुलांना मात्र रोज अति गोड चवीची सवय लावूच नये.

डब्याच्या दर्शनी भागावरच्या रसरशीत फळांकडे पाहू नका, डबा उलटा करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते; पाणी पहिलं असेल तर काय ते समजा. आकडे १०० मिलिलिटरचे आहेत की अख्ख्या डब्याचे, ते बघा. ९५०, ९५१, ९५५, ९६० हे आयएनएस क्रमांक दिसले तर गोडी साखरेबाहेरची आहे. भाज्यांचा रस असेल तर सोडियम वाचा, कारण साखर कमी असली तरी मीठ जास्त असू शकतं. रक्तदाबवाल्यांनी तर वाचाच. कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी मिसळून केलेल्या रसावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असं छापू नये, असा आदेश एफएसएसएआय या अन्नसुरक्षा नियामकाला जून २०२४ मध्ये काढावा लागला, हेही ध्यानात ठेवा.

घरी किंवा बागेबाहेरच्या गाडीवर भाज्यांचा रस पिणाऱ्यांना आणखी एक विनंती. दुधी किसण्याआधी एक फोड चाखा. कडू लागली तर अख्खा दुधी फेका. त्यात आवळा-पुदिना घालून कडवटपणा झाकू नका. तो कडूपणा क्युकर्बिटॅसिन या विषारी द्रव्याचा असतो. २०१० साली दिल्लीत असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. गाडीवर आधीच काढून ठेवलेला रस चाखायची सोय नसते, तेव्हा तो नकोच. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पोटॅशियममुळे कोणताही रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता रोजचं. तहानेला पाणी किंवा बिनसाखरेचं ताक. फळ चावून खा: पेरू, पपई, मोसंबी, हंगामात जे स्वस्त मिळेल ते. गाजर-काकडीची कोशिंबीर करा. रोज कोल्ड्रिंक पिणाऱ्याला ते सोडताना काही दिवस कमी कॅलरीच्या रसाचा आधार घेता येईल, पण तीच नवी सवय होऊ देऊ नका.

आणि मधुमेही माणसाच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक असू द्या: त्याची साखर अचानक उतरली, घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर तो शुद्धीवर आणि गिळू शकत असताना साधी साखर, ग्लुकोज किंवा साखर असलेला रस द्या. त्या वेळी ‘लो कॅलरी’चा डबा कामाचा नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.