झाडाला चाकं, माणसाला चुंबळ

अमेरिकेतल्या घरात ख्रिसमसचं प्लॅस्टिकचं झाड वर्षातून दोनदा हलतं. डिसेंबरच्या आसपास गॅरेजमधून हॉलमध्ये आणि सण संपला की परत गॅरेजमध्ये. एवढ्याशा प्रवासासाठी त्याला चाकांची खास पिशवी मिळते. दिव्यांच्या माळा गुंतू नयेत म्हणून रिळं आहेत, काचेचे गोळे फुटू नयेत म्हणून कप्प्याकप्प्यांचे डबे आहेत. असल्या वस्तूंवर लोकांनी रीतसर पेटंटं घेतली आहेत. गाडीच्या टपावर हौसेची होडी न्यायची असेल, तर ती चढवताना मालकाच्या खांद्याला त्रास नको म्हणून गॅसच्या दट्ट्यांवर खाली येणारा कॅरियरही विकत मिळतो.

यात हसण्यासारखं काही नाही. माळ्यावरून काढलेली दिव्यांची माळ सोडवण्यात ज्याची गणपतीची आदली रात्र गेली आहे, तो त्या रिळाला नावं ठेवणार नाही. माझं भांडण रिळाशी नाही. ओझं हलकं करायला एवढी अक्कल खर्च होते, ती नेमकी कुणाच्या ओझ्यावर, एवढंच मला विचारायचं आहे.

आपलीच सजावट घ्या. मुंबईत ती क्रॉफर्ड मार्केट, भुलेश्वर, मशीद बंदर इथून येते. या गल्ल्यांमध्ये आजही माल हातगाडीवरून फिरतो. लांब लाकडी सांगाडा, दोन मोठी चाकं, पुढे ओढणारा एक, मागून ढकलणारा एक. उतारावर ब्रेक म्हणजे माणसाची टाच. आणि गाडीही जात नाही तिथे डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर खोकं. झाडाला चाकं मिळाली, माणसाला कापडाचं वेटोळं.

चाकांच्या सुटकेसची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन माणसाने तिच्या पेटंटसाठी 1970 मध्ये अर्ज केला, 1972 मध्ये पेटंट मिळालं. म्हणजे माणूस चंद्रावर आधी पोचला आणि चाकांच्या बॅगेचं हे पेटंट नंतर आलं! सॅडो बॅगांच्या कंपनीत अधिकारी होता. सुट्टीहून परतताना दोन जड बॅगा ओढून तो वैतागला होता. विमानतळावर एक कामगार चाकांच्या फळीवरून अवजड यंत्र सहज ढकलत नेताना त्याला दिसला, आणि कल्पना सुचली. चाक कामगाराच्या हाती होतंच; त्याचा ‘शोध’ झाला तो साहेबाचे हात दुखल्यावर. आणि ते यंत्र पाठीवर घेता येण्याइतकं हलकं असतं, तर त्यालाही बहुधा चाकं मिळाली नसती.

अपोलो चंद्रावर उतरलं त्याच 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांचा कायदा केला. मजुरी, भविष्य निर्वाह निधी, नोंदणी अशी मोठी गोष्ट त्याने दिली, आणि तीही अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी लढून मिळवलेली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्येच शिफारस केली होती, की एका पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलोंच्या वर असेल तर ती खाली आणावी. आपलं सिमेंटचं पोतं आज 50 किलोंचं आहे. म्हणजे नियमात बसतं. पाठीत बसतं का, हे कोण विचारतो?

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, ‘आपले लोक जुगाडात हुशार आहेत.’ असतील. पण जुगाड म्हणजे ज्याच्यासाठी कुणी संशोधन केलं नाही त्याने स्वतःच मारून नेलेली वेळ. तिच्या रील्स करून टाळ्या वाजवणं म्हणजे आपली जबाबदारी झटकणं.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे. ‘यंत्र आलं की हमालाची रोजी जाईल.’ ही भीती खोटी नाही. पण ब्रेक लावल्याने हातगाडी ओढणाऱ्याची रोजी जात नाही, त्याची टाच वाचते. आणि मोठं यंत्र आलंच, तर ते कुणाच्या मालकीचं असेल हा प्रश्न आहे. माथाडी मंडळाचं का असू नये?

खरी अडचण तंत्राची नाहीच. पेटंट 20 वर्षांची मक्तेदारी देतं, पण तिचे पैसे होतात ते वस्तू विकत घेणारा कुणी असला तरच. ज्याची पाठ दुखते त्याच्याकडे पैसे नाहीत, ज्याच्याकडे पैसे आहेत त्याची पाठ दुखत नाही. अशा ठिकाणी बाजार शोध लावत नाही, तिथे लोकांनी तो मागावा लागतो.

तुमच्यातले कित्येक जण इंजिनिअरिंग किंवा डिझाइन शिकताय. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आणखी एक डिलिव्हरी ॲप नको. मशीद बंदरला जा, हातगाडी ओढणाऱ्याला विचारा आणि ब्रेक बनवा. बाकीच्यांनी एवढंच करावं: त्या ब्रेकचे पैसे गाडीवाल्याने नाही, माल मागवणाऱ्याने द्यायचे, हे मोठ्याने बोलत राहावं. माल मागवणारे शेवटी आपणच आहोत.