छोटं विमान आणि मोठी सबब

माझ्या भाचीला पायलट व्हायचंय. मेडिकल पास झाली, फॉर्म आणला, आणि नेमका त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर छोटं विमान कोसळल्याचा व्हिडिओ फिरला. आपाने फर्मान काढलं, "त्या डबड्यात माझी पोरगी बसणार नाही." मी मध्ये पडलो तर म्हणाली, "तुला काय जातंय बोलायला?"

आपाची भीती मला मान्य आहे. निशाणा मात्र चुकलाय.

ते डबडं म्हणजे सेसना १७२. पहिलं उड्डाण १९५५ सालचं. आजवर ४४ हजारांहून जास्त बनली; दुसरं कुठलंही विमान एवढ्या संख्येने बनलेलं नाही. पंख डोक्यावर, चाकं कायम बाहेर, वेग बेताचा. शिकाऊ माणसाच्या चुका पोटात घालणारं विमान. छोट्या खासगी विमानांच्या सरासरीपेक्षा त्याचे जीवघेणे अपघात कमीच आहेत.

पण हेच वाक्य फ्लाइंग स्कूलवाले पालकांच्या तोंडावर फेकतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. विमानाची अब्रू कारखान्यातून येते, ती टिकते मात्र हँगरमध्ये.

सीटचंच घ्या. पायलटची सीट रुळावर पुढे-मागे सरकते आणि रुळातल्या भोकात खिट्टी बसून अडकते. वापरून वापरून भोकं झिजतात, खिट्टी अर्धवट बसते. टेकऑफला नाक वर झालं की सीट सर्रकन मागे जाते आणि पायलट नकळत हातातल्या कंट्रोललाच लोंबकळतो. नाक आणखी वर, वेग कमी, पंखांची उचल संपली. जमीन इतकी जवळ असताना सावरणार कधी? अमेरिकेच्या एफएएने १९८७ साली सेसनांच्या या रुळांची ठरावीक तासांनी तपासणी सक्तीची केली आणि २०११ मध्ये सुधारित आदेश काढला. म्हणजे दुखणं माहीत आहे, इलाजही माहीत आहे. तो करायचा की कागदावर टिक मारायची, हे विमान ठरवत नाही.

अपघातानंतर ठपका बहुतेक वेळा पायलटवर येतो. पुष्कळदा तो खराही असतो. पण चाळीस तास उडलेल्या पोराला त्या हवेत एकट्याने सोडलं कोणी? सही कोणाची होती? हे कोणी विचारत नाही. मेलेला उत्तर द्यायला येत नाही, हे सगळ्यांच्याच सोयीचं.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं पडली. ती सेसना नव्हतीच, इटालियन टेकनाम होती. (आपल्याकडे प्रत्येक छोटं विमान सेसनाच!) डीजीसीएने त्या विमानांचं मॉडेल बंद केलं नाही, संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. रोग कुठे शोधायचा, हे तिथे तरी कळलं.

व्यावसायिक परवान्याला २०० तास उडावं लागतं. त्यासाठी लोक जमीन विकतात, दागिने मोडतात. फी विचारतात, हप्ते विचारतात, "नोकरी लागेल ना?" विचारतात. इन्स्ट्रक्टर दिवसाला किती तास उडतो, आठ विमानांपैकी उडण्याजोगी किती, विद्यार्थ्याने बिघाड लिहिला तर त्याला शाबासकी मिळते की शिव्या, हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो.

आपाला म्हटलं, फी भरण्याआधी आपण दोघं हँगर बघून येऊ.

"मला त्यातलं काय कळतंय?"

"सीट हलवून बघता येते ना?"

रविवारी जायचं ठरलंय.